चौथ्या गाण्यातली डुबकी

शिवा,

तुला शेवटचं घेऊन निघालो तेव्हा मुरुमच्या वेशीपाशी माईक किंचाळला. भजनी मंडळानं कुठूनतरी भाड्याचा साउंडचा डबा आणला होता, टेम्पोवर कर्णा आणि माईक एकमेकांच्या तोंडाशी बांधले होते, आणि गाणाऱ्यानं तोंड उघडलं की ती कान फाडणारी शिट्टी सुरू. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तुला आडवं न्यायचं नव्हतं. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर भस्म, हातात इष्टलिंग. माईक किंचाळला आणि पुढं चालणाऱ्या सगळ्यांनी एकदम मान वळवून तुझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. आपल्या भागात कुठल्याही मांडवात माईकनं शिट्टी मारली की माणसं तुझ्याकडंच बघायची, आणि तू उठून साउंडच्या पेटीवरचं एक बटण कणभर फिरवायचास. या वेळी तू बसून राहिलास. शेवटी कुणीतरी वायरच उपटली आणि उरलेला रस्ता मंडळी नुसत्या गळ्यानं गात गेली.

लोक तुझ्याबद्दल बरंच काही बोलतायत. किती लग्नांना साउंड लावलास, स्टँडजवळचं तुझं रेकॉर्डिंग सेंटर कसं चालायचं, किती जणांना धंद्याला लावलंस. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला माणसं आहेत. मला त्यात पडायचं नाही. माझं काम वेगळं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू असा मधूनच उठून गेलायस. हे बरोबर नाही, एवढंच सांगायला बसलोय.

भांडण कुठलं ते तुला सांगायला नको. पण हे कागदावर उतरवतोय आणि उद्या पल्लवी वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुझ्या लेकीला आपण दोघं म्हणजे कायम एकमेकांवर ओरडणारी माणसं, एवढंच माहीत आहे.

तेव्हा आपण दोघंही कॉलेजात. आम्ही तुमच्या भुसार दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तुझा मावसभाऊ हैदराबादला शिकत होता. तो सुट्टीला आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक इंग्रजी कॅसेट होती. वेष्टन हरवलेलं, नाव नाही, गाव नाही. "न्यू वेव्ह रॉक आहे हे. नव्या लाटेचं. तुम्हाला कळायचं नाही," असं तो म्हणाला. लाट म्हणजे काय ते आपण पाहिलेलं नव्हतं, समुद्रच पाहिला नव्हता. पण ते 'कळायचं नाही' तुला भलतंच झोंबलं. एका दुपारपुरती म्हणून तू ती कॅसेट मागून घेतलीस आणि मला गोदामात बोलावलंस.

ज्वारीच्या पोत्यांच्या मधोमध तू दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर मांडले होतेस. एक तुमचा, एक कुणाकडून तरी आणलेला. जोडायची वायर नव्हती, म्हणून एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं समोरून ऐकून भरून घ्यायचं. गोदामात प्लग एकच होता. वाजवणारा लाइटवर लावला, भरून घेणारा सेलवर. ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे, पण तू ती कधी मनावर घेतली नाहीस. "आता कुणी खोकायचं बी न्हाय," असा हुकूम सोडून तू बटण दाबलंस. पहिलं गाणं अर्ध्यात आलं असेल नसेल, आतून तुझ्या आईची, अव्वाची, कानडीत हाक आली, "शिवा, ऊटक्क बा!" जेवायला ये. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ओरडावं तर तेही कॅसेटमध्ये जाणार. तू नुसते हात हलवत राहिलास आणि अव्वा हाका मारत राहिली.

तर अशी ती कॅसेट. त्या परदेशी माणसांनी त्यांच्या थंड गावात काय वाजवलं असेल ते असो, आपल्याकडं आलं ते मुरुमच्या पोत्यांतून गाळून आलं. सगळं एकात एक कालवलेलं. शब्द एकही धड कळत नव्हता, म्हणून गाण्यांची नावं आपणच ठेवली. पहिलं 'मालगाडी', कारण खालून एक जाड तार एकाच चालीनं धावत राहायची. दुसरं 'आजारी बाई', गाणारा पुरुष असूनही. तिसरं 'फ्रिज', कारण त्यात एक यंत्र सबंध वेळ गारठल्यासारखं घुमत राहायचं. चौथ्याला मात्र आपण नाव ठेवलंच नाही. ते नुसतं 'चौथं'. देवघरातल्या मोठ्या देवाला कुणी नावानं हाक मारत नाही, तसं.

चौथ्यात तिसरं कडवं संपलं की सबंध गाणं खाली बसायचं. तार, ढोल, गाणाऱ्याचा आवाज, सगळं जाड होत होत बुडायचं. आता संपलंच, असं वाटायचं. आणि तिथून ते पुन्हा वर यायचं आणि बरोबर ढोलाच्या ठोक्यावर येऊन उभं राहायचं. तू तिला डुबकी म्हणायचास. डुबकी यायच्या आधी तुझं एक बोट वर जायचं, मग हात गाण्याबरोबर हळूहळू खाली, डोळे मिटलेले, आणि गाणं उठलं की हातही उठायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू पोत्यावरून उठून उभा राहिलास. "सुध्या, बघितलंस? गाणं मेलं आन् उठलं! कसला डोक्याचा माणूस आसंल त्यो!"

मी म्हणालो, "शेजारची गिरणी सुरू झाली."

इथून भांडण सुरू झालं ते झालंच. माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. तुमच्या गोदामाला लागून पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की गल्लीतले बल्ब पिवळे पडायचे. त्या दुपारी कुणाचं तरी दळण आलं, मोटर लागली, लाइट खाली गेली, लाइटवरचा टेपरेकॉर्डर मंदावला. भरून घेणारा सेलवर होता, त्याला काही फरक पडला नाही, त्यानं ते मंदावणं इमानदारीनं भरून घेतलं. यात डोक्याचा माणूस कुठं येतो? मी पुढं विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा वर्गात वीजदाब शिकवताना हेच उदाहरण द्यायचो. पोरांना पटायचं. तुला नाही.

"गिरणीला ताल कळतो व्हय रं?" हे तुझं एकमेव उत्तर. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर, माझ्या लग्नात बोहल्याशेजारी, तुझ्या सेंटरात गिऱ्हाइकं उभी असताना. "मास्तर, मोटर लागली हे मान्य. पर ती बरोबर कडवं संपल्यावर लागली, आन् ठोक्यावर थांबली. गिरणीवाल्याला ठोका कुणी शिकवला?" याला माझ्याकडं 'योगायोग' एवढंच उत्तर होतं, आणि योगायोग हा शब्द तोंडातून निघाला की तू गाड्यावरच्या सगळ्यांकडं बघून हसायचास. मावसभाऊ पुढं परदेशी गेला, त्याला त्या कॅसेटचं काही आठवेना. त्या वाद्यवृंदाचं नावच आपल्याला माहीत नाही, तर मूळ गाणं शोधायचं कुठं? खरं सांगू का, शोधायची घाई दोघांनाही नव्हती.

आणि तू नुसता भांडून थांबला नाहीस. सेंटर बंद पडल्यावर साउंडच्या धंद्यात शिरलास, आणि कुणाच्या तरी लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या ऐन वेळी तू सनईची डुबकी केलीस. आवाज आणि वेग दोन्ही हळूहळू खाली, सगळा मांडव गप्प, आणि मग अक्षता पडताना सनई परत वर. बायकांच्या डोळ्यांत पाणी. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक लग्नात ते होऊ लागलं, मग दुसरे साउंडवालेही करू लागले, आणि आता आपल्याकडच्या लोकांना वाटतं ही जुनी रीतच आहे. एका नवरीच्या आजीनं मला ठासून सांगितलं होतं की तिच्याही लग्नात सनई अशीच बसली होती. मी तुझ्याकडं बघितलं. तू तोंड फिरवलं होतंस आणि हसण्यानं तुझे खांदे हलत होते. मुरुमच्या गिरणीनं चुकून केलेलं अख्ख्या तालुक्याला करायला लावलंस, धन्य आहे तुझी.

मग तुझा आजार आला. त्याबद्दल लिहीत नाही. औषधाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण सोलापूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की यानं कानांवर परिणाम होऊ शकतो. आम्हाला वाटलं, कान काय, जीव वाचतोय ना.  पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. सलाइनचं यंत्र टीं टीं करायला लागलं की आजूबाजूचे सगळे नर्सला हाक मारायचे आणि तू शांत. चिमण्या, कुकरची शिट्टी, फोनची रिंग, वरचे सगळे आवाज तुझ्यातून एकेक करून निघून गेले. माईकची बारीक शिट्टी सुरू व्हायच्या आधीच ओळखणारा तू. मी वहिनींना म्हणालो, आपण कानाच्या डॉक्टरला दाखवू. त्या म्हणाल्या, "भावजी, आधी माणूस तर घरी येऊ द्या."  शाळेत ध्वनी शिकवतो मी, आणि माझ्या मित्राच्या कानातून ध्वनी चाललाय, आणि मी खाटेशेजारी संत्री सोलत बसलोय.

त्याच दिवसांत पल्लवीचा पुण्याहून फोन आला. मैत्रिणीच्या खोलीवर गाणी लागली होती आणि अचानक तिच्या कानावर 'मालगाडी' आलं. लहानपणापासून घरात ऐकलेलं, ती लगेच उठून बसली. नाव मिळालं, वाद्यवृंद मिळाला, अख्खा अल्बम मिळाला. आणि वर ही बातमी, की तो नुकताच रीमास्टर होऊन निघालाय. म्हणजे मूळ फिती काढून, धूळ झटकून, प्रत्येक वाद्य स्वच्छ करून पुन्हा बाहेर काढलाय. तिला वाटलं बाबांना यापेक्षा चांगलं औषध नाही. तू फोनवर तिला पहिलं वाक्य काय बोललास, आठवतंय? "सुध्याला ऐकवू नगं. मी नसताना त्यानं ऐकायचं न्हाय." मग फोन बाजूला ठेवून तू मला बसवण्णाची आण घातलीस. निकाल दोघांच्या समोर लागणार, असं ठरलं.

ज्या दिवशी ऐकायचं ठरलं त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावलं. मोजकंच बोलले. औषध आता उपयोगाचं नाही, घरी न्या, खाऊ वाटेल ते द्या. वहिनी भिंतीला टेकल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्यान्ला सांगू नका भावजी. धीर सुटंल त्यांचा. कोर्स संपला म्हना, ताकत आल्यावर पुन्ना यायचंय म्हना." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? आम्ही तोंडं धुतली आणि आत आलो. तू उशीला टेकून बसला होतास, पल्लवीनं पाठवलेले इअरफोन हातात घेऊन, त्यांची वायर सोडवत. "चला मास्तर," म्हणालास, "आज गिरणी बंद पाडतो तुमची."

एक तुझ्या कानात, एक माझ्या. 'मालगाडी' सुरू झालं आणि मी दचकलोच. ती जाड तार आता नुसती तार राहिली नव्हती, तिच्यावरून सरकणारं बोट ऐकू येत होतं. गाणारा ओळीआधी श्वास घेतो, तो श्वास ऐकू येत होता. माझ्या कानात एक अख्खी दुसरी गिटार होती, शिवा, इतकी वर्षं ती तिथं वाजत होती आणि आपल्याला तिचा पत्ता नव्हता. कुणीतरी अंगण झाडून दिल्यासारखं सगळं लख्ख. मी तुझ्याकडं वळून काही बोलणार, तर तूच म्हणालास, "काय केलं रं ह्यांनी नवीन? आपल्या कॅसेटवानीच तर वाजतंय."

 वरचं सगळं काढून घेतलं की उरतं ते आपल्या कॅसेटसारखंच. तुझ्या कानांनी त्या लख्ख अंगणावर परत पोती रचली होती. तू खूश होतास. "बरं झालं, जास्त बिघडवलं न्हाय त्यांनी," असंही म्हणालास. मग ती जागा आली, अव्वा हाक मारते ती. दोघंही थांबलो. तिथं नुसती गिटार वाजत गेली. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. अव्वा जाऊन किती वर्षं झाली, पण कॅसेट लावली की ती आपल्याला जेवायला बोलवायचीच. या स्वच्छ अल्बममध्ये ती नव्हती. असणार कशी? तरी मला त्या माणसांचा राग आला.

'आजारी बाई' झालं. 'फ्रिज' झालं. चौथं लागलं.

पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तुझं बोट वर गेलं. सुकून काडी झालेलं बोट, पण वर गेलं ते नेहमीच्याच रुबाबात. कडवं संपलं. माझ्या कानात ढोल ठाक ठाक करत सरळ पुढं निघून गेला. कुठंही बसला नाही, मंदावला नाही, काही नाही. आणि माझ्यासमोर तुझा हात हळूहळू खाली चालला होता. डोळे मिटलेले. हात पार चादरीला टेकला, थोडा थांबला, आणि वर आला. मग तू डोळे उघडलेस.

"हाय का न्हाय?"

खाटेच्या पायथ्याशी वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, पदराचं टोक तोंडाशी धरून. तुझा हात अजून वरच होता.

"आहे," मी म्हणालो.

"म्हंजी गोऱ्यानं मुद्दाम केलंय."

"मुद्दाम केलंय. तू म्हणत होतास तेच खरं."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं आता हसशील, वॉर्डभर सगळ्यांना सांगशील, नर्सला बोलावून मास्तर हरला म्हणून जाहीर करशील. तू नुसतं "बरं" म्हणालास. इअरफोन काढून वायर नीट गुंडाळलीस आणि माझ्या हातात दिलीस. "बाकीचं घरी ऐकू," म्हणालास. मला वाटलं थकलास. मी घरी, उमरग्याला जाणारी गाडी पकडली आणि वाटेत सारखं मनाला समजावत राहिलो की एक भांडण हरल्यानं काही बिघडत नाही, माणूस आनंदात राहिला म्हणजे झालं.

तू घरी आलास. मी रोज येत होतो. रोज म्हणायचो, आज ऐकू या का उरलेलं? तू म्हणायचास, "आज नगं." एकदा म्हणालास, "ठिवू की थोडं बाकी, तुला काय गाडी गाठायचीय?" स्पीकर कुणाला द्यायचे, पेटी कुणी वापरायची, वायरी कशा गुंडाळायच्या हे पोरांना समजावून सांगत होतास. मी वहिनींना कौतुकानं म्हणालो, बघा, बरं व्हायच्या गोष्टी करतोय. किती शहाणा समजायचो मी स्वतःला.

परवा तुझे दिवस झाल्यावर तुझ्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. पल्लवी आत कपडे घड्या करत होती. वहिनी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक सांगायचं राहिलंय. तुमी त्या दिवशी गाडीला गेलात नव्हं, गाणी ऐकून? तुमी दाराभाईर पडलात आन् हे मला म्हनाले, 'महादेवी, सुध्या हरला.' मी म्हनलं, मग चांगलं झालं की. तर म्हनाले, 'त्यो आजवर कवा हरला न्हाय. लगीच हरला आज. डाक्टरनं काय सांगितलं ते तूच सांग आता.'"

चहा माझ्या हातात होता.

"मग म्या सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "काय करू? ते बघत व्हते माझ्याकडं. सांगितलं आन् लई रडले मी, त्येच माझी समजूत काढत व्हते. तुमी वाईट वाटून घेऊ नका. बरंच झालं म्हनायचं. त्या दिवसापासनं आमी दोघं लई बोललो. लगीन झाल्यापासनं एवढं बोललो नव्हतो कवा."

असं त्या म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर रागबिग काही नव्हता, उलट त्या मला बिस्कीट घ्या, बिस्कीट घ्या म्हणत होत्या. आणि मी तिथं बसून विचार करत होतो की मी काय करायला हवं होतं. खरं सांगून 'नाही' म्हणायचं, त्या हाताला, त्या मिटल्या डोळ्यांना? की नेहमीसारखं गिरणी गिरणी म्हणून तुझ्याशी खाटेवर भांडायचं? ते मला त्या दिवशी जमलं असतं का? मला तर तेव्हा तुझ्याकडं सरळ बघताही येत नव्हतं. डॉक्टरांनी तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही, वहिनींनी काळजावर दगड ठेवला, आणि मी दोन शब्दांत तुझ्या हातात तुझं मरण दिलं. दिलं म्हणावं की तू काढून घेतलंस म्हणावं, तेही कळत नाही. तुला समजल्यावरही तू मला काही कळू दिलं नाहीस. रोज माझ्यासमोर बसून मला बरं वाटावं म्हणून बरा होत राहिलास.

आणि आता एक नवाच किडा डोक्यात वळवळतोय. तुला खरंच डुबकी ऐकू आली होती का? कान गेले होते, पण ढोल तर खालचा आवाज, तो तुला ऐकू येत होता. तो सरळ निघून गेला हे तुलाही कळलं असणार. मग हात कशाला खाली नेलास? सवयीनं? की मला जोखायला? म्हणजे मी 'नाही' म्हणतो की 'आहे', एवढंच बघायचं होतं तुला? सांग ना. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीवर बोललास, फुकटचे सल्ले दिलेस, माझ्या चष्म्याच्या नंबरावरसुद्धा मत दिलंस, आणि यावर एक अक्षर बोलून गेला नाहीस.

कॅसेट माझ्याकडं आहे. फितीवर पांढरी बुरशी चढलीय, आणि ती लावावी असं यंत्र उमरग्यात आता सापडत नाही. म्हणजे डुबकी आता ऐकायची तर कुणाच्या तरी लग्नाला जायला हवं. परवाच हायवेलगतच्या मंगल कार्यालयावरून येत होतो, आत सनई हळूहळू बसली आणि उठली. कोण पोरगा होता कुणास ठाऊक. छान केली त्यानं. मी फाटकाशी थोडा थांबलो, मग एका बाईनं जेवूनच जा म्हणून आग्रह केला तेव्हा निघालो.

आज दुपारी बायको म्हणाली, असे किती दिवस गप्प बसणार आहात. म्हणून मी पल्लवीनं पाठवलेला अल्बम लावला. सोलापुरात मी एकाच कानानं ऐकलं होतं, अर्धं तुझ्याकडं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं असं मनात आणू नये, पण वाटत होतं की डुबकी तुझ्या अर्ध्यात असेल. दोन्ही कानांनी ऐकलं. अव्वाच्या जागी थांबलो. ती आली नाही. चौथं लागलं, तिसरं कडवं संपलं, आणि माझा हात आपोआप खाली गेला. तुझा हात होता तो, माझा नव्हे, मी कधीच असलं काही करत नसे. ढोल सरळ पुढं निघून गेला.

मी मोठ्यानं म्हणालो, "नाहीये. शिवा, नाहीये तिथं काही. गिरणीच होती ती. मी खोटं बोललो होतो."

बायको आतून म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

मी थांबलो. तू आता म्हणणार होतास, गिरणीला ताल कळतो व्हय रं. तेवढी जागा सोडून मी बसलो होतो. पाचवं गाणं सुरू व्हायला लागलं तसं मी घाईनं बंद केलं. या नव्या अल्बममधलं पाचव्यापासून शेवटपर्यंत मी ऐकलेलं नाही आणि आण मोडायची माझी इच्छा नाही. बाकीचं घरी ऐकू, म्हणाला होतास.

मी घरीच आहे, शिवा.